शाळा सोडल्याचे कारण

वॉर्ड ऑफिसातून फॉर्म आला आहे. चार चौकोन:
गावाचा इतिहास, भूगोल, लोकजीवन, शैक्षणिक स्थिती.
प्रत्येकी पन्नास शब्द. निळी शाई. खाडाखोड नको.
खाली बारीक टाइपात: पटसंख्या वीसच्या आत असल्यास
समायोजनाचा विचार व्हावा.
आमची सतरा.

भूगोल आधी घेते, तो दिसतो तरी.
चिंचखार: मुलुंडच्या पूर्वेला, हायवे ओलांडून,
रिक्षावाले जिथे नाही म्हणतात तिथून पुढे.
उत्तरेला कचऱ्याचा डोंगर
(शाळेच्या नकाशात नाही, पण मुलं काढतात,
वर घारीसुद्धा).
पूर्वेला खाजण, निवट्या, मग खाडी.
दक्षिणेला मिठागर होतं.
पश्चिमेला चोवीस मजले, त्यांच्यामागे
आमचा सूर्य साडेचारलाच मावळतो.

पन्नास शब्द इथेच संपले.

इतिहास कुणाला विचारायचा?
गावाच्या नावातली चिंच कुणी पाहिलेली नाही.
एकनाथ वैती सांगतात, त्यांच्या पणज्याने
एका उधाणात उघाडीची फळी पाठीवर तोलून धरली,
बांध वाचला, शिलोत्र्याने त्याला धोतर दिलं.
धोतर वापरलेलं होतं,
हेही ते दर वेळी सांगतात.
बाकी नुसतं मीठ. पावसाआधी
मचव्यांत भरून गेलं.

मग जनरल रजिस्टर काढलं.
कापडी पुठ्ठा, वाळवीने खाल्लेले कोपरे.
पहिलं पान एकोणीसशे चौतीस,
गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात, शाळा लोकल बोर्डाची.
शेवटचा रकाना: शाळा सोडल्याचे कारण.
पोशा धाया भोईर: मिठावर गेला.
बाळ्या राघो ठाकूर: मिठावर गेला.
काथोड पदू म्हात्रे: मिठावर.
आंता दुमिंग परेरा: धाकटा भाऊ सांभाळणे.
पुढे गुरुजींचा हात थकला असावा,
वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे,
आणि नंतर नुसते दोन टिंब.
साठ सालानंतर: कंपनी. ऐंशीनंतर: नापास.
अलीकडची पानं माझ्या अक्षरात,
इंग्रजी माध्यम, इंग्रजी माध्यम,
भाड्याने बदलापूरला.

एकच रकाना कोरा.
क्रमांक दोनशे अकरा. हिराबाई बेंडू केणी, इयत्ता तिसरी.
दाखल झाल्याची तारीख आहे,
सोडल्याची नाही.

हिराबाई देवळामागे जवळा वाळत घालून बसतात,
कावळे हाकलायला हातात लाकडी पट्टी,
इंचांच्या खुणा पुसलेली.
विचारलं, आजी, शाळा का सोडली तुम्ही?
जवळ्यातला एक खडा वेचून त्यांनी लांब फेकला.
"मी कंदी सोरली? गुरुजी आजारी परलं,
बोललं, आठ दिस सुट्टी.
मंग कोन बोलवाला आला नाय."
आणि थोड्या वेळाने, पट्टीकडे बघत,
तेराचा पाढा अर्धा राहिलाय म्हणाल्या.
तेरा सत्ते एक्क्याण्णवपर्यंत येतो.
त्यापुढचं त्या रोज
जवळ्याच्या वाट्यांवर अंदाजाने करतात.

रात्री फॉर्म पुरा केला.
लोकजीवनात हिराबाई मावल्या नाहीत,
तिथे मासेमारी, रिक्षा, घरकाम लिहिलं.
धोतर ठेवलं, वापरलेलं हा शब्द मात्र
मोजणीत गेला.
शैक्षणिक स्थितीत, निळ्या शाईत, खाडाखोड न करता:
पटसंख्या अठरा.
रजिस्टर उघडं आहे, कुणीही येऊन बघावं.

अजून दोन कमी पडतात.
पानं उलटते आहे. वाळवी गेली त्या कोपऱ्यांत
काहींची कारणंही गेलीत.
वैतींना उद्या विचारते, कितवीपर्यंत होता.
भरतीच्या वेळी ते घरी असतात.